कुठली क्वेरी सर्व्हरचा वेळ खाते? पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स बसवणं आणि वापरणं

डेटाबेस मंदावला की पहिला संशय जातो तो सगळ्यात जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीवर. एखादा जुना रिपोर्ट असतो, चार-पाच सेकंद घेतो, सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे शिव्याही त्यालाच पडतात. पण जरा हिशेब मांडून बघा. चार सेकंदांची क्वेरी दिवसातून ३० वेळा चालली, तर सर्व्हरचे १२० सेकंद गेले. तीन मिलिसेकंदांची एक किरकोळ क्वेरी त्याच दिवसात २० लाख वेळा चालली, तर तिने ६,००० सेकंद खाल्ले, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. 'एक सेकंदाच्या वरच्या क्वेरी लॉगमध्ये लिही' असं सांगून ठेवलं असेल, तर ही दुसरी क्वेरी लॉगमध्ये कधीच दिसणार नाही.

ही बेरीज ठेवणारं एक्स्टेन्शन म्हणजे पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स. पोस्टग्रेसच्या ८.४ आवृत्तीपासून ते कॉन्ट्रिब संचात, म्हणजे पोस्टग्रेससोबतच मिळणाऱ्या जादा एक्स्टेन्शनांच्या संचात आहे. ९.२ पासून ते क्वेरीतल्या ठरावीक किमती (आयडी, तारखा वगैरे) काढून एकसारख्या क्वेरी एकाच ओळीत धरायला लागलं, आणि खरं उपयोगी तेव्हापासून झालं. माझ्या मते नवा पोस्टग्रेस सर्व्हर उभा केल्यावर पहिलं काम हे एक्स्टेन्शन चालू करण्याचं असावं, इंडेक्स वगैरे मागाहून. कारण आकडे आजपासून जमायला लागले तरच अडचण येईल त्या दिवशी हाताशी काही असतं.

खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. कॉलमांची नावं आवृत्ती १३ आणि त्यापुढची आहेत. १२ किंवा त्याआधीच्या सर्व्हरवर टोटल_एक्झेक_टाइमच्या जागी नुसतं टोटल_टाइम असतं. इंटरनेटवरच्या जुन्या क्वेरी नव्या सर्व्हरवर 'असा कॉलम नाही' म्हणून अडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

बसवणं म्हणजे तीन वेगळी कामं

पोस्टग्रेसमध्ये 'एक्स्टेन्शन बसवलं' असं कुणी म्हणालं की त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, एक्स्टेन्शनच्या फाइली सर्व्हरच्या डिस्कवर असणं. दुसरी, त्यातली लायब्ररी सर्व्हर सुरू होतानाच मेमरीत येणं. तिसरी, तुमच्या डेटाबेसमध्ये त्याचे व्ह्यू आणि फंक्शनं तयार होणं. पीजी_टीआरजीएमसारख्या साध्या एक्स्टेन्शनला पहिली आणि तिसरी पुरते. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सला मात्र तिन्ही लागतात, कारण त्याला प्रत्येक क्वेरीच्या वाटेत उभं राहून मोजायचं असतं आणि आकडे ठेवायला सामायिक मेमरी आधीच राखून घ्यावी लागते. पुढे कुठलीही अडचण आली तर आधी एवढंच विचारा: तिघांतलं कुठलं राहिलं?

पहिली पायरी: फाइली आहेत का

पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसच्या टर्मिनलवरच्या क्लायंटने) सर्व्हरला जोडून घ्या आणि विचारा:

सिलेक्ट नेम, डिफॉल्ट_व्हर्जन, इन्स्टॉल्ड_व्हर्जन
फ्रॉम पीजी_अव्हेलेबल_एक्स्टेन्शन्स
व्हेअर नेम = 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स';

ओळ आली तर फाइली आहेत. इन्स्टॉल्ड_व्हर्जन रिकामं दिसलं तर घाबरू नका, ते तिसऱ्या पायरीचं काम आहे आणि तेही फक्त याच डेटाबेसपुरतं.

ओळच आली नाही तर पॅकेज बसवावं लागेल. डेबियन आणि उबंटूवर आवृत्ती १० पासून कॉन्ट्रिबमधली सगळी एक्स्टेन्शनं मुख्य सर्व्हर पॅकेजातच येतात, त्यामुळे तिथे सहसा हा प्रश्न येत नाही. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर कॉन्ट्रिब पॅकेज वेगळं असतं. पोस्टग्रेस प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतून १६ आवृत्ती घेतली असेल, तर पॅकेजचं नाव पोस्टग्रेसक्यूएल१६-कॉन्ट्रिब. सर्व्हर ज्या रिपॉझिटरीतून आला, कॉन्ट्रिबही तिथूनच घ्या. एकाच मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर फाइली भलत्याच आवृत्तीच्या फोल्डरात जाऊन बसण्याची शक्यता असते. पीजी_कॉन्फिग ही आज्ञा 'पीकेजीलिबडिर' आणि 'शेअरडिर' या पर्यायांनी चालवली की लायब्ररी आणि एक्स्टेन्शनच्या फाइली कुठे असायला हव्यात ते कळतं. अर्थात पीजी_कॉन्फिगही त्याच आवृत्तीची हवी.

दुसरी पायरी: लायब्ररी सुरुवातीलाच भरणं

इथे घाई करू नका. या पायरीत चूक झाली तर सर्व्हर सुरूच होत नाही, आणि त्यासाठी रीस्टार्ट तर लागतोच.

आधी बघा की त्या सेटिंगमध्ये सध्या काय आहे:

शो शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज;

उत्तर रिकामं असेल तर काम सोपं. पण तिथे आधीच काही नाव असेल तर ते ठेवून त्याच्या पुढे नवं नाव जोडायचं. 'फक्त आपलंच नाव लिहिलं आणि आधीचं ऑडिटचं एक्स्टेन्शन गुपचूप बंद पडलं' असे प्रकार होतात, आणि ते लक्षात यायला बराच काळ लागतो.

कॉन्फिगरेशन फाइल नेमकी कुठली हे अंदाजाने ठरवू नका, सर्व्हरलाच विचारा: शो कॉन्फिग_फाइल; उत्तरात जी फाइल येईल तिच्यात ही ओळ लिहा:

शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज = 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स'

दोन लायब्ररी असतील तर एकाच अवतरणात स्वल्पविराम देऊन:

शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज = 'ऑटो_एक्स्प्लेन, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स'

फाइलीला हात न लावता ऑल्टर सिस्टिम वापरून हे करता येतं, पण तिथे एक सापळा आहे. वरची यादी जशीच्या तशी एका अवतरणात ऑल्टर सिस्टिमला दिली, तर पोस्टग्रेस त्या अख्ख्या मजकुराला एकाच लायब्ररीचं नाव समजतं आणि पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ या फाइलीत त्याला दुहेरी अवतरणात गुंडाळून ठेवतं. आज्ञा विनातक्रार चालते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व्हर 'कुड नॉट ॲक्सेस फाइल' म्हणून मान टाकतो, आणि त्या नावात स्वल्पविराम असतो. ऑल्टर सिस्टिमला प्रत्येक नाव स्वतंत्र अवतरणात हवं:

ऑल्टर सिस्टिम सेट शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज = 'ऑटो_एक्स्प्लेन', 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स';

सापळ्यात अडकलातच तर सर्व्हर बंद असल्यामुळे ऑल्टर सिस्टिम पुन्हा चालवता येत नाही. डेटा फोल्डरातली ती ऑटो.कॉन्फ फाइल उघडून ओळ हाताने दुरुस्त करायची. 'ही फाइल हाताने बदलू नका' असं तिच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. अशा वेळी तिकडे दुर्लक्ष करावं लागतं.

रीस्टार्टच्या आधी एक तपासणी जरूर करा. सुपरयूझरने जोडलेल्या सेशनमध्ये:

लोड 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स';

ही आज्ञा लायब्ररी त्या सेशनपुरती उघडून बघते. मोजणी सुरू होत नाही, पण फाइल सापडते आणि ती याच आवृत्तीची आहे एवढं सिद्ध होतं. इथेच चूक दिसली तर सर्व्हर चालू असतानाच ती निस्तरता येते. फाइलीत टाइपिंगची गफलत झाली आहे का हे पीजी_फाइल_सेटिंग्ज या व्ह्यूच्या 'एरर' कॉलमात दिसतं. मात्र लायब्ररी डिस्कवर आहे की नाही हे तो व्ह्यू तपासत नाही, म्हणून लोडची तपासणी वेगळी हवी.

मग रीस्टार्ट. रीलोड पुरत नाही. रीलोड केल्यावर पीजी_सेटिंग्जमध्ये त्या सेटिंगसमोर पेंडिंग_रीस्टार्ट खरं झालेलं दिसतं, म्हणजे बदल वाचला गेला पण अजून लागू नाही. रीस्टार्टमध्ये सगळी कनेक्शनं तुटतात, तेव्हा वेळ निवडून करा. सर्व्हरवर लिहिण्याचं काम बरंच असेल तर रीस्टार्टच्या लगेच आधी चेकपॉइंट ही आज्ञा चालवावी. बंद होताना लिहायची पानं कमी उरतात आणि सर्व्हर लवकर परत येतो.

मॅनेज्ड सेवेवर (जिथे सर्व्हर सेवा देणारी कंपनीच सांभाळते) डेटाबेस असेल तर फाइल तुमच्या हातात नसते. तिथे ही सेटिंग त्यांच्या पॅनेलमधल्या पॅरामीटरच्या यादीत असते, आणि कित्येक ठिकाणी ती आधीच भरलेली असते. शो करून बघा, काम वाचेल.

फिजिकल रेप्लिका (मुख्य सर्व्हरची सोबत चालणारी प्रत) असेल तर तिची सेटिंग वेगळी करावी लागते. व्ह्यू आणि फंक्शनं मुख्य सर्व्हरवरून आपोआप येतात, लायब्ररी मात्र रेप्लिकाने स्वतःच्या सुरुवातीला भरायची असते. आकडेही दोन्हीकडे वेगळे साठतात, आणि ते बरंच आहे. रिपोर्टचा भार रेप्लिकावर टाकला असेल तर तो तिथेच मोजला गेला पाहिजे.

तिसरी पायरी: डेटाबेसमध्ये नोंद

ज्या डेटाबेसमधून आकडे बघायचे तिथे जाऊन, सुपरयूझर म्हणून:

क्रिएट एक्स्टेन्शन पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स;

पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-डीएक्स दिल्यावर ते यादीत दिसायला हवं. मोजणी अख्ख्या क्लस्टरची होते, प्रत्येक डेटाबेसची. व्ह्यू मात्र ज्या डेटाबेसमध्ये एक्स्टेन्शन तयार केलं तिथेच दिसतो. म्हणून एका डेटाबेसमध्ये तयार करून सगळ्यांचे आकडे बघता येतात, कुठली ओळ कुठल्या डेटाबेसची हे डीबीआयडी हा कॉलम सांगतो.

आता बघा:

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स;

आकडा आला तर झालं. 'मस्ट बी लोडेड व्हाया शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज' असं उत्तर आलं तर दुसरी पायरी राहिली आहे. क्रिएट एक्स्टेन्शन दुसऱ्या पायरीशिवायही यशस्वी होतं, त्यामुळे गोंधळ होतो. ती आज्ञा चालली म्हणजे मोजणी चालू झाली असं नाही.

मोजक्या सेटिंग्ज

बहुतेक सेटिंग्ज आहेत तशा ठेवा. मॅक्सची (पूर्ण नाव पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स.मॅक्स; पुढच्या ट्रॅक आणि सेव्हचंही तसंच) मूळ किंमत ५,००० आहे, म्हणजे इतक्या वेगवेगळ्या क्वेरींचा हिशेब ठेवला जातो आणि जागा संपली की कमी वापरातल्या नोंदी काढून टाकल्या जातात. ही किंमत बदलायला रीस्टार्ट लागतो, म्हणून वाढवायची असेल तर पहिल्याच रीस्टार्टच्या वेळी वाढवून घ्या. ट्रॅकची मूळ किंमत टॉप आहे, म्हणजे क्लायंटने थेट पाठवलेल्या क्वेरीच मोजल्या जातात. तुमचा बराचसा व्यवहार स्टोअर्ड फंक्शनांमध्ये असेल तर ऑल करा, नाहीतर फंक्शनच्या पोटात काय चाललंय ते कळणारच नाही. पण ऑल केल्यावर बाहेरच्या क्वेरीचा वेळ आणि आतल्यांचा वेळ दोन्ही मोजले जातात, तेव्हा बेरीज करताना एकच वेळ दोनदा धरू नका. आवृत्ती १४ पासून टॉपलेव्हल नावाचा कॉलम आहे, त्यावर गाळणी लावा.

ट्रॅक_आयओ_टाइमिंग ही या एक्स्टेन्शनची सेटिंग नाही, पोस्टग्रेसची आहे, आणि मुळात बंद असते. ती चालू केली तर वाचन-लेखनात किती वेळ गेला तेही व्ह्यूमध्ये भरतं. घड्याळ वाचणं त्या मशीनवर किती महाग आहे हे पीजी_टेस्ट_टायमिंग या साधनाने आधी पाहून घ्यावं. कॉम्प्युट_क्वेरी_आयडी मुळात ऑटो असते, ती तशीच राहू द्या. कुणी ऑफ केली तर मोजणी थांबते.

पहिली क्वेरी

किमान एक पूर्ण दिवसाचं नेहमीचं काम होऊ द्या. मग:

सिलेक्ट क्वेरीआयडी,
कॉल्स,
राउंड(टोटल_एक्झेक_टाइम::न्यूमेरिक, ०) ॲज एकूण_मिसे,
राउंड(मीन_एक्झेक_टाइम::न्यूमेरिक, २) ॲज सरासरी_मिसे,
राउंड((१०० * टोटल_एक्झेक_टाइम / सम(टोटल_एक्झेक_टाइम) ओव्हर ())::न्यूमेरिक, १) ॲज टक्के,
लेफ्ट(क्वेरी, ८०) ॲज मजकूर
फ्रॉम पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स
व्हेअर डीबीआयडी = (सिलेक्ट ओआयडी फ्रॉम पीजी_डेटाबेस व्हेअर डॅटनेम = करंट_डेटाबेस())
ऑर्डर बाय टोटल_एक्झेक_टाइम डेस्क
लिमिट २०;

वेळ मिलिसेकंदांत असतो. न्यूमेरिकमध्ये बदलणं टाळू नका, कारण वेळेचे कॉलम डबल प्रिसिजन आहेत आणि दशांश स्थळं घेणारं राउंड त्या प्रकारावर चालत नाही. (एकूण_मिसे, टक्के अशी देवनागरी नावं पोस्टग्रेसला अवतरणाशिवाय चालतात. फक्त नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, तेव्हा एकविसाच्या पुढे जाऊ नका.)

क्रम एकूण वेळेवर लावला आहे, सरासरीवर नाही. सगळा लेख या एका ओळीसाठी आहे म्हणा ना. सरासरीवर लावलात तर वर येतात रात्री एकदा चालणारी साफसफाईची कामं, ज्यांच्यामुळे कुणाचंही काही अडत नाही.

यादी आली की वाचायची कशी, ते दोन-तीन नमुन्यांवर सांगतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

समजा पहिल्याच ओळीत ग्राहक टेबलातून आयडीवरून एक ओळ आणणारी क्वेरी आहे. कॉल्स १८,४०,०००. सरासरी ०.४ मिलिसेकंद. एकूण ७,३६,००० मिलिसेकंद, म्हणजे बारा मिनिटांच्या वर. या क्वेरीला इंडेक्स आहे, ती याहून वेगवान होणार नाही, आणि इथेच बरेच जण 'हिचं काही करता येत नाही' म्हणून पुढच्या ओळीकडे जातात. खाली बघा. तिसऱ्या-चौथ्या ओळीत ऑर्डरींची यादी आणणारी क्वेरी आहे, कॉल्स ३६,८००. भागाकार करा: बरोबर ५०. आणि ॲपच्या एका पानावर ऑर्डरी दिसतात पन्नास. म्हणजे कोड आधी पन्नास ऑर्डरी आणतो आणि मग लूपमध्ये प्रत्येकीच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी मारतो. ओआरएम (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून क्वेरी आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरणाऱ्या कोडमध्ये हे इतकं सर्रास आढळतं की मी यादी हातात आली की आधी कॉल्सचे भागाकारच करून बघतो. दुरुस्ती डेटाबेसमध्ये करायची नसते. कोडमध्ये एक जॉइन किंवा एकत्र आणण्याची सोय लावली की १८ लाख कॉल्स गायब होतात. शिवाय नेटवर्कवरच्या फेऱ्या वाचतात त्या या आकड्यांत धरलेल्याच नाहीत. व्ह्यूमधल्या 'रोज' (म्हणजे मिळालेल्या ओळी) या कॉलमाला कॉल्सने भागून जवळपास एक आलं, तर ही शंका आणखी पक्की होते.

दुसरा नमुना टेम्प_ब्लॉक्स_रिटनचा, कॉलमाच्या नावात ब्लॉक्सचा संक्षेप बीएलकेएस असा आहे. एका रिपोर्टचे कॉल्स १०० आणि लिहिलेले तात्पुरते ब्लॉक २,५६,०००. म्हणजे दर वेळी २,५६० ब्लॉक. ब्लॉक ८ केबीचा, म्हणजे प्रत्येक वेळी २० एमबी डिस्कवर सांडतात. सॉर्ट किंवा हॅश मेमरीत मावत नाही, कारण वर्क_मेमची मूळ किंमत ४ एमबी आहे. २० एमबी सांडतात म्हणून वर्क_मेम २० केली तर बहुधा पुरणार नाही, कारण तोच डेटा मेमरीत जास्त जागा घेतो. त्या सेशनमध्ये ६४ एमबी करून एक्स्प्लेन ॲनलाइझ (क्वेरी चालवून तिची योजना आणि वेळ दाखवणारी आज्ञा) चालवा आणि 'एक्स्टर्नल मर्ज' जाऊन 'क्विकसॉर्ट' येतं का पाहा. येत असेल तर रिपोर्ट चालवणाऱ्या यूझरपुरतीच किंमत वाढवा. सर्व्हरभर वाढवायची नाही, कारण वर्क_मेम ही कनेक्शनची नव्हे तर क्वेरीतल्या एकेका सॉर्ट किंवा हॅशची मर्यादा आहे. एकाच क्वेरीत ती चार वेळा लागू शकते.

तिसरा, सरासरी १२ मिलिसेकंद पण मॅक्स_एक्झेक_टाइम ९,०००. एसटीडीडेव्ह (वेळेतला चढउतार दाखवणारा) कॉलमही फुगलेला. इथे क्वेरीपेक्षा वाट बघण्याचा संशय घ्या. हा वेळ घड्याळाचा असतो, सीपीयूचा नाही. दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने धरलेलं लॉक सुटेपर्यंत थांबलेला वेळही त्यातच मोजला जातो. लॉग_लॉक_वेट्स चालू केलं की डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे मुळात एका सेकंदापेक्षा, जास्त वाट बघणाऱ्यांची नोंद लॉगमध्ये मिळते.

शेअर्ड_ब्लॉक्स_रीडचा आकडा मोठा दिसला म्हणून लगेच डिस्कला दोष देऊ नका. तो ब्लॉक पोस्टग्रेसच्या स्वतःच्या बफरात नव्हता एवढंच त्यातून कळतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून तो झटकन आला असेलही.

किमतींच्या जागी डॉलर-एक, डॉलर-दोन

क्वेरीच्या मजकुरात खऱ्या किमती नसतात, त्यामुळे तो उचलून थेट एक्स्प्लेनला देता येत नाही. १६ पासून एक्स्प्लेनला जेनेरिक_प्लॅन हा पर्याय आहे, तो असा मजकूर तसाच घेतो. त्यासोबत ॲनलाइझ मात्र चालत नाही, कारण किमतींशिवाय क्वेरी प्रत्यक्ष चालवणार कशी? खरा वेळ बघायचा असेल तर किमती ॲपच्या लॉगमधून मिळवाव्या लागतात, किंवा मंद क्वेरींची योजना लॉगमध्ये लिहिणाऱ्या ऑटो_एक्स्प्लेनला कामाला लावावं लागतं.

इन च्या यादीत कधी तीन, कधी सतरा आयडी असतील तर १७ पर्यंतच्या आवृत्त्या प्रत्येक लांबीची वेगळी क्वेरी धरतात. एकाच क्वेरीच्या शेकडो ओळी होतात, प्रत्येकीचा वाटा किरकोळ दिसतो आणि खरा खादाड यादीच्या तळाशी लपून राहतो. १८ मध्ये अशा याद्या एकत्र धरल्या जातात. त्याआधीच्या सर्व्हरवर इन ऐवजी 'इक्वल टू एनी' लिहून सगळे आयडी एका ॲरेत पाठवा, नोंद एकच होते.

याच कारणाने ५,००० ची जागाही भराभर संपते. १४ पासून पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स_इन्फो हा छोटा व्ह्यू आहे, त्यातला डीॲलॉक हा आकडा किती वेळा नोंदी काढून टाकाव्या लागल्या ते सांगतो. तो रोज वाढत असेल तर मॅक्स वाढवण्याआधी असा मजकूर कुठून येतोय ते शोधा.

जे दिसत नाही

हा भाग वगळू नका. क्वेरी पूर्ण झाली तरच तिची नोंद होते. एररने पडलेली, यूझरने रद्द केलेली किंवा स्टेटमेंट_टाइमआउटने कापलेली क्वेरी या व्ह्यूमध्ये येत नाही. म्हणजे ३० सेकंदांची मर्यादा लावलेल्या सर्व्हरवर एखादी क्वेरी दर वेळी तिसाव्या सेकंदाला मारली जात असेल, तर ती इथे शून्य दिसेल आणि सर्व्हर मात्र धापा टाकत असेल. अशांचा पत्ता लॉगमध्ये. या क्षणी चालू असलेल्या क्वेरी बघायला पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, आणि १४ पासून तिथेही क्वेरी_आयडी असल्यामुळे दोन्ही व्ह्यू जोडता येतात.

आकडे बघण्याची परवानगी

साध्या यूझरला दुसऱ्यांच्या क्वेरींचे आकडे दिसतात, मजकूर दिसत नाही. मजकुराच्या जागी 'इनसफिशियंट प्रिव्हिलेज' असं लिहिलेलं असतं. मॉनिटरिंगच्या यूझरला सुपरयूझर करण्याची गरज नाही:

ग्रँट पीजी_रीड_ऑल_स्टॅट्स टू मॉनिटर;

पण ही परवानगी वाटत सुटू नका. सिलेक्ट, इन्सर्टमधल्या किमती झाकल्या जातात, युटिलिटी प्रकारच्या आज्ञांचा मजकूर मात्र बराचसा जसाच्या तसा राहतो. ऑल्टर रोल लिहून कुणी पासवर्ड बदलला असेल तर तो पासवर्ड इथे उघडा पडलेला सापडू शकतो. पासवर्ड पीएसक्यूएलच्या बॅकस्लॅश-पासवर्ड या आज्ञेने बदलावा, ती आधी हॅश करून मगच सर्व्हरकडे पाठवते.

कालच्यापेक्षा आज काय बदललं

आकडे सुरुवातीपासूनची बेरीज असतात. सेव्ह ही सेटिंग मुळात चालू असल्यामुळे नीट केलेल्या रीस्टार्टनंतरही ते टिकतात. महिनाभराच्या बेरजेत कालच्या रिलीजने केलेला घोळ बुडून जातो. सोपा उपाय पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स_रीसेट(), पण त्याने सगळ्यांचाच इतिहास पुसला जातो. मी नोंदी साठवण्याच्या बाजूचा आहे. एक टेबल करा, त्यात वेळ, यूझरआयडी, डीबीआयडी, क्वेरीआयडी, टॉपलेव्हल, कॉल्स, टोटल_एक्झेक_टाइम हे कॉलम ठेवा आणि दर तासाला क्रॉनमधून एक इन्सर्ट चालवा. तारा (*) देऊन सगळेच कॉलम ओढू नका, पुढच्या आवृत्तीत व्ह्यूचे कॉलम बदलले की इन्सर्ट पडेल. नंतर लॅग फंक्शनने दोन लागोपाठच्या नोंदींची वजाबाकी केली की त्या तासाचा हिशेब हातात. वजाबाकी उणे आली तर मध्ये रीसेट झालं आहे किंवा नोंद काढली जाऊन नव्याने सुरू झाली आहे, तो तास सोडून द्या. मजकूर दर तासाला साठवू नका, क्वेरीआयडीप्रमाणे एकदाच दुसऱ्या टेबलात ठेवला की पुरे. मुख्य आवृत्ती बदलली की क्वेरीआयडी तेच राहतील असं गृहीत धरू नका.

अपग्रेड आणि काढणं

पीजी_अपग्रेडने सर्व्हर नव्या आवृत्तीवर गेला तरी एक्स्टेन्शनचे व्ह्यू जुन्याच रूपात राहतात. पहिल्या पायरीतली क्वेरी पुन्हा चालवा. सर्व्हर १३ चा १७ झाला असेल तर डिफॉल्ट_व्हर्जन १.११ आणि इन्स्टॉल्ड_व्हर्जन अजून १.८ दिसेल. मग ज्या ज्या डेटाबेसमध्ये एक्स्टेन्शन आहे तिथे:

ऑल्टर एक्स्टेन्शन पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स अपडेट;

या आज्ञेत जुना व्ह्यू पाडून नवा बांधला जातो. त्यावर तुम्ही स्वतःचे व्ह्यू रचले असतील तर 'अदर ऑब्जेक्ट्स डिपेंड ऑन इट' म्हणून ती अडेल. त्या व्ह्यूंची व्याख्या जपून ठेवा, ते पाडा, अपडेट करा, पुन्हा बांधा. १७ मध्ये ब्लॉक वाचन-लेखनाच्या वेळेच्या कॉलमांची नावंही बदलली आहेत, त्यांच्या पुढे आता शेअर्ड लागतं. डॅशबोर्डच्या क्वेरी त्याप्रमाणे सुधारून घ्या.

कधी काढायचं झालंच तर उलट क्रमाने: प्रत्येक डेटाबेसमध्ये ड्रॉप एक्स्टेन्शन, मग कॉन्फिगरेशनमधून लायब्ररीचं नाव कमी करून रीस्टार्ट, आणि पॅकेज सगळ्यात शेवटी. पॅकेज आधी काढलंत तर त्या दिवशी काहीच बिघडणार नाही, चालू सर्व्हरच्या मेमरीत लायब्ररी असतेच. सर्व्हर उठायला नकार देईल तो पुढच्या रीस्टार्टला, आणि तोवर पॅकेज कुणी काढलं हे सगळे विसरलेले असतील.